तपासणी झाली, उपचार राहिले : मुंबई ते काठमांडू, १९९६

५ फेब्रुवारी १९९६ रोजी मुंबई पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या कुंटणखान्यांवर छापे घातले आणि साडेचारशे ते पाचशे मुली व बायका बाहेर काढल्या. नेमका आकडा नोंदीगणिक बदलतो. त्यांत दोनशेहून अधिक नेपाळी होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी अठरा वर्षांच्या आतल्या. मुंबई उच्च न्यायालयाने याच विषयाची स्वतःहून दखल घेतली होती. ते प्रकरण ‘पब्लिक ॲट लार्ज विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने कायद्याच्या ग्रंथांत आहे.

सुटकेची बातमी झाली, फोटो आले. त्यानंतरचे सुमारे सहा महिने या मुली मुंबईतल्या सरकारी आणि संस्थांच्या वसतिगृहांत अडकून पडल्या. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार नव्हते. त्या नेपाळच्याच आहेत याला कागद कुठे आहे, हे एक कारण. आणि त्या एड्स घेऊन येतील ही भीती. अखेर नेपाळमधल्या काही स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि त्या वर्षाच्या उन्हाळ्यानंतर सव्वाशेच्या घरात मुली काठमांडूला परतल्या.

मानवी तस्करीच्या चर्चेत हे प्रकरण कायद्याच्या अंगाने अनेकदा येते. मला ते डॉक्टरी अंगाने वाचायचे आहे. या मुलींच्या वाट्याला वैद्यकीय यंत्रणा आली नाही असे म्हणता येत नाही. ती पहिल्या दिवसापासून हजर होती. सुई टोचली गेली, एक्स-रे निघाले, रिपोर्ट लिहिले गेले. पण त्यातले बहुतेक काम दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी होते. न्यायालयाला वय हवे होते, पोलिसांना पुरावा हवा होता, वसतिगृहाला कोण ‘धोक्याची’ ते हवे होते आणि शेजारच्या देशाला कोणाला आत घ्यायचे ते ठरवायचे होते. ‘मला काय झालंय आणि ते बरं होईल का?’ हा मुलीचा प्रश्न रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता.

कायद्यातली तपासणी

अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ सालचा. १९८६ च्या दुरुस्तीत त्यात कलम १५ (५अ) आले. सोडवून आणून दंडाधिकाऱ्यापुढे उभ्या केलेल्या व्यक्तीची नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी, आणि ती कशासाठी, तर वय ठरवायला, लैंगिक अत्याचाराच्या जखमा शोधायला, किंवा गुप्तरोग आहे का ते पाहायला. ही तीनच कारणे. उपचार हा शब्द त्या कलमात नाही. कलम लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नाही. त्यांना खटला उभा करायचा होता, आणि खटल्यासाठी शरीर म्हणजे मुद्देमालाचा एक भाग असतो.

वयाचेच घ्या. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, तेव्हा मनगट, कोपर, कंबर यांचे एक्स-रे काढून हाडे कितपत जुळली ते पाहतात. ही पद्धत वयाचा अंदाज देते, तारीख देत नाही. दोन वर्षे इकडे किंवा दोन वर्षे तिकडे असा फरक न्यायालयेही धरून चालतात. पण त्या अंदाजावर मुलगी बालगृहात जाणार की प्रौढांच्या वसतिगृहात हे ठरते. वय सोळा सांगायचे की एकवीस, हे घरवालीने, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीने, मुलींना आधीच पढवून ठेवलेले असते. त्यामुळे तोंडी सांगण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. एकाच गावातून एकाच दलालाने आणलेल्या, एकमेकींची भाषा बोलणाऱ्या दोघी अशा एक्स-रेवरून वेगळ्या होऊ शकतात. आणि त्या भाषेला या गोष्टीत मोठे मोल आहे. सिंधुपाल्चोक, नुवाकोट या काठमांडूच्या उत्तरेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतल्या अनेक मुली तामांग या जमातीच्या, घरात तामांग भाषा बोलणाऱ्या. नेपाळी ही त्यांची शिकलेली भाषा, आणि हिंदी कुंटणखान्यात कानावर पडेल तेवढी. डॉक्टर मराठी-हिंदीत विचारणार, मधे बोलायला दुसरी एखादी बाई, आणि ती कुणाच्या बाजूची हे कुणालाच ठाऊक नाही. अशा खोलीत ‘पोटात दुखतं’ एवढेही नीट पोचत नाही. शेवटची पाळी कधी आली, गर्भपात झाला का, ते तर दूरच.

रक्त

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत लागला, तोही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत. नव्वदीच्या मध्यावर मुंबईच्या लालबत्ती भागातले प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून वर गेलेले होते. त्यामुळे छाप्यात सापडलेल्या मुलींचे रक्त तपासावे असे यंत्रणेला वाटणे साहजिक होते. तपासले गेले. संमती विचारली गेली नाही, आधी काही समजावून सांगितले गेले नाही. निकाल आधी कर्मचाऱ्यांना कळला, मग इतरांना आणि शेवटी, कळलाच तर, तिला.

इथे डॉक्टर म्हणून काय चुकले ते नीट सांगायला हवे, कारण ‘त्या काळी असंच होतं’ असे म्हणून ते सोडून देण्याची सवय आहे. तपासणी करावी की नाही, हा मुद्दाच नाही. पॉझिटिव्ह निघाल्यावर पुढे काय, याचे उत्तर यंत्रणेपाशी नव्हते. एचआयव्ही थोपवणारी तीन औषधांची जोडणी नेमकी त्याच जुलैत व्हँकुव्हरच्या जागतिक एड्स परिषदेत गाजत होती, पण तिचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. नेपाळी मुलीला तर सोडाच, मुंबईच्या मध्यमवर्गीयालाही ते औषध परवडणारे नव्हते. म्हणजे १९९६ च्या जुलैत पॉझिटिव्ह रिपोर्टचा वैद्यकीय उपयोग फार थोडा होता आणि सामाजिक परिणाम मात्र तत्काळ. रिपोर्टने मुलगी बरी होत नव्हती. तिचा घरचा रस्ता तेवढा बंद होत होता.

एक गोष्ट जाता जाता. अशीच तीन औषधांची जोडणी वर्षाला ३५० डॉलरला देऊ, असा प्रस्ताव सिप्ला या औषध कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेपुढे ठेवला आणि जगभरच्या औषधांच्या किमती कोसळल्या. सिप्लाचे तेव्हाचे मुख्य कार्यालय मुंबई सेंट्रलला होते, पिनकोड ४००००८. कामाठीपुऱ्याचाही पिनकोड तोच. पत्त्यातला हा योगायोग मला अनेक दिवस सोडत नव्हता. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ केंद्रांत भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय होते. तेही कामाठीपुऱ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. १९९६ च्या मुलींसाठी ही आठ वर्षे फार लांब होती.

रिपोर्टामागे झाकलेले आजार

मला जास्त खटकते ते पुढचे आहे. एचआयव्हीवर तेव्हा औषध आवाक्यात नव्हते, हे खरे. पण या मुलींना होऊ शकणाऱ्या इतर जवळपास सगळ्या आजारांवर होते, आणि स्वस्तात होते.

सिफिलिस घ्या. सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. ते दिले नाही तर पुढे गर्भपात, मेलेले मूल, किंवा आजार घेऊन जन्मलेले मूल. अंगावरून जाणे, ओटीपोटातली सूज यांवर प्रतिजैविके होती. रक्त कमी असणे, जंत, खरूज यांवर तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही गोळ्या मिळतात. आणि क्षयरोग. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या, अर्धपोटी आणि त्यात एचआयव्ही असलेल्या मुलींमध्ये खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की सगळ्यात आधी क्षय आठवायला हवा. नेपाळने देखरेखीखाली औषधे देण्याची डॉट्स पद्धत १९९६ सालीच सुरू केली होती. ज्या देशाने या मुलींना आजाराच्या भीतीने दारात थांबवले, त्याच देशात त्यांच्यातल्या सर्वांत जीवघेण्या पण बऱ्या होणाऱ्या आजारावरचा उत्तम उपाय त्याच वर्षी सुरू होत होता. दोन सरकारी खाती एकमेकांशी बोलली असती तर ‘यांना आत येऊ द्या, यांचा खोकला तपासा’ हा साधा हुकूम निघाला असता. एचआयव्हीबरोबर क्षय असला तरी क्षय बरा करता येतो आणि त्याने आयुष्य वाढते, हे तेव्हाही माहीत होते.

गरोदरपणाचेही तसेच. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण झिडोव्हुडिन या औषधाने साधारण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येते, हे १९९४ साली सिद्ध झाले होते. ते औषध महाग होते, मान्य. पण कोण गरोदर आहे हे विचारायला पैसे लागत नाहीत.

या आजारांचा नीट हिशेब मांडला गेला तो दहा वर्षांनी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००७ साली संशोधक जे सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १९९७ ते २००५ या काळात भारतातून परत आलेल्या, मैती नेपाळ या काठमांडूतल्या स्वयंसेवी संस्थेच्या आश्रयाला राहिलेल्या २८७ मुली आणि स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ३८ टक्के जणींना एचआयव्ही होता. पंधरा वर्षांच्या आत विकल्या गेलेल्यांमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेले. लहान मुलींना जास्त कुंटणखान्यांतून फिरवले गेले होते आणि जास्त काळ डांबून ठेवले गेले होते. ज्या मुंबईत नेल्या गेल्या त्यांना इतर शहरांपेक्षा धोका अधिक होता. हा शेवटचा तपशील महाराष्ट्रातल्या वाचकाने टाळू नये.

आणखी एक अभ्यास २००८ सालचा, नेपाळमधला, मनाच्या आजारांचा. तस्करीतून सुटलेल्या आणि देहविक्रयाला लावलेल्या ४४ स्त्रियांच्या गटात नैराश्याची लक्षणे एकूण एक सगळ्यांत सापडली. आघातानंतरचा ताणविकार सुमारे ३० टक्के जणींत. १९९६ च्या मुंबईत या मुली जेवत नाहीत, भांडतात, काचा फोडतात, पळून जायचा प्रयत्न करतात अशा तक्रारी वसतिगृहांकडून येणे स्वाभाविक होते. सोडवून आणलेल्या मुलींच्या कोणत्याही गृहात आजही त्या येतात. त्यांना ‘बेशिस्त’ म्हणायचे की आजाराचे लक्षण, यावर पुढचा सगळा व्यवहार ठरतो. कुलूप, खिडकीला गज, बाहेर पहारा आणि बाहेर कधी पडणार ते कुणीच सांगत नाही. आधीच्या जागेपेक्षा हे वेगळे कसे, असे तिने विचारले तर उत्तर द्यायला अवघडच जाते.

सगळ्याच जणींना सुटायचे होते का?

हा प्रश्न टाळून हे प्रकरण मांडणे अप्रामाणिक ठरेल. छाप्यात सापडलेल्या सगळ्याच अल्पवयीन नव्हत्या आणि सगळ्यांनाच तिथून जायचे नव्हते. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबणे ही मदत नव्हे, असे म्हणणारा आवाज याच वर्षी महाराष्ट्रातच संघटित होत होता. सांगलीत मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेचे काम १९९२ पासून चालू होते आणि १९९६ साली तिथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, उभी केली. त्यांचे म्हणणे असे, की छापा पडला की बायका पांगतात, निरोधचा पुरवठा तुटतो, दवाखान्यात येणे थांबते आणि लागण वाढते. आरोग्याच्या नजरेने पाहता यात तथ्य आहे. दुसरीकडे कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’सारख्या संस्था अल्पवयीन मुलींना तिथे एक रात्रही ठेवू नये या बाजूच्या. चौदा वर्षांच्या मुलीबाबत दुसरे काही म्हणता येणारच नाही.

माझे मत असे, की या दोन बाजू वाटतात तितक्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. दोघींनाही डॉक्टर हवा आहे तो तिच्या बाजूने उभा असलेला. मुलगी अल्पवयीन असो वा बाई सज्ञान, तपासणीचा कागद तिच्या हातात पडतो का, आणि तो वापरून तिला पुढे औषध मिळते का, ही कसोटी दोघींना सारखीच लागू पडते.

काठमांडू

परतलेल्या मुलींना मैती नेपाळ, एबीसी नेपाळ, सीविन अशा संस्थांनी वाटून घेतले. १९९३ साली मैती नेपाळ सुरू करणाऱ्या अनुराधा कोइराला पुढे जगभर माहीत झाल्या. डॉ. रेणू राजभंडारी यांची ‘वोरेक’ ही संस्थाही त्यात होती. राजभंडारी स्वतः डॉक्टर. त्यांच्याकडे राहिलेल्या मुलींना आरोग्याचे, हक्कांचे प्रशिक्षण मिळाले, आणि त्यातून आलेल्या पंधरा जणींनी मिळून १९९६ मध्येच ‘शक्ती समूह’ सुरू केला. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली ही संघटना. नोंदणी व्हायला मात्र २००० साल उजाडले. नेपाळात नागरिकतेचा दाखला तेव्हा वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने मिळे, आणि या मुलींचे वडील कधी तोंड फिरवून बसलेले, तर कधी विकण्यातच सामील. २०१३ साली शक्ती समूहाला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

संस्थापकांपैकी चरिमाया तामांग सिंधुपाल्चोकच्या. सोळाव्या वर्षी त्यांना विकले गेले, २२ महिने मुंबईत काढले. परतल्यावर त्यांनी स्वतः पोलिसांत तक्रार दिली. असे करणाऱ्या त्या नेपाळमधल्या पहिल्या. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात आठ जणांना दोषी ठरवले. मुंबईतल्या तपासण्यांचा मूळ हेतू खटला हा होता; पण इथे निकाल लागला तो मुलगी उभी राहून बोलली म्हणून.

या संघटनेचे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व कुठल्याही दवाखान्यापेक्षा कमी नाही. नव्याने परतलेल्या मुलीला रुग्णालयात कोण घेऊन जाते? जी स्वतः त्या रांगेत उभी राहून आली आहे ती. तिला परिचारिकेची कुजबुज ओळखता येते, तिला कुठल्या खिडकीवर काय विचारायचे ते ठाऊक असते, आणि तामांगमध्ये ‘हे औषध रोज घ्यायचं, बंद करायचं नाही’ हे ती दुभाष्याशिवाय सांगते.

आज तीच वेळ आली तर

कायदा पुढे गेला आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल गुप्त. कलम १५ (५अ) मात्र जागच्या जागी आहे, त्यामुळे छाप्यानंतर डॉक्टरसमोर दोन कायदे एकाच वेळी येतात. वैद्यकीय अधिकाऱ्याने घाबरून सगळेच नमुने घ्यायचे नसतात. वय आणि जखमांची तपासणी न्यायालयासाठी, ती वेगळ्या कागदावर. उपचारांसाठीची तपासणी वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत, पोलीस दाराबाहेर, आणि तिच्या संमतीने.

पहिल्या रात्रीचा क्रमही उलटा करावा लागतो. जेवण, पाणी, अंघोळ, कपडे, झोप. तातडीचे ते लगेच: ताप, रक्तस्राव, मार, दारू किंवा गोळ्या अचानक तुटल्याने होणारे हाल, जीव द्यायचे विचार. शेवटचा संबंध ७२ तासांच्या आत आला असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधे लगेच सुरू करता येतात. तास मोजावे लागतात, त्यामुळे एवढा प्रश्न सकाळवर ढकलता येत नाही. गर्भनिरोधाचेही तसेच. मग खोकला, मग गुप्तरोग. बाकीचे, म्हणजे तिची कहाणी, कोणी विकले, किती दिवस, हे डॉक्टरने पहिल्या भेटीत विचारायचे कारणच नाही. पोलीस, समुपदेशक, वकील, संस्थेची बाई, पत्रकार असे सगळे तेच विचारणार आहेत, आणि प्रत्येक वेळी तिला ते नव्याने सोसावे लागते.

सीमेपलीकडे जाणाऱ्या मुलीसाठी आणखी एक कळीचा भाग राहतो तो औषधांच्या सातत्याचा. क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा, एचआयव्हीची गोळी आयुष्यभराची. मुंबईत सुरू केलेला उपचार काठमांडूच्या वाटेवर तुटला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग सुरू केला नसता तर बरे होते अशी पाळी येते. सोबत दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या, इंग्रजी आणि नेपाळीतला सारांश, पुढच्या केंद्राचे नाव, आणि हे सगळे बंद पाकिटात तिच्या स्वतःच्या ताब्यात द्यावे लागते. सोबत जाणाऱ्या शिपायाकडे नाही.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सिंधुपाल्चोक जिल्हा सर्वांत जास्त उद्ध्वस्त झाला. देशभरातल्या सुमारे नऊ हजार मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तिथले. घरे गेली, शाळा गेल्या, आणि दलालांना वाट मोकळी झाली ही भीती पहिल्याच आठवड्यात बोलली जाऊ लागली. ‘नोकरी लावतो’ म्हणणारा माणूस भूकंपानंतरच्या पत्र्याच्या निवाऱ्यात सहज शिरतो. या वेळी मात्र त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या बायकांची फळी होती, आणि सीमेवरच्या नाक्यांवर मैती नेपाळच्या मुली येणाऱ्या-जाणाऱ्या बसमध्ये चढून विचारपूस करत होत्या. त्यातल्या काही जणी स्वतः कधीकाळी त्याच नाक्यावरून पलीकडे नेल्या गेलेल्या होत्या.